गिटारच्या पेडलमध्ये माइक लावायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माइक थेट गिटारच्या पेडलमध्ये खुपसला तर चालतो का?

आवाज येतो, एवढं नक्की. पेडल (गिटारच्या आवाजाला इफेक्ट देणारा पायाने दाबायचा डबा) जळत नाही, माइकलाही काही होत नाही, त्यामुळे एकदा करून बघायला घाबरू नका. पण आवाज इतका बारीक येतो की पुढे मिक्सर किंवा अॅम्प फुल्ल करावा लागतो, आणि मग तुमच्या गाण्यासोबत पेडलची सूंऽऽ पण फुल्ल होते. घरी गंमत म्हणून ठीक, स्टेजवर नको.

पण जॅक तर बसतो की! मग नक्की अडतं कुठे?

जॅक बसणं वेगळं आणि लेव्हल, म्हणजे सिग्नलची ताकद, बसणं वेगळं. खालचे निम्मे प्रश्न याच एका गोंधळातून आलेले आहेत.

जरा आकडे बघू. गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारा भाग, जोरात स्ट्रम केलं की शंभर मिलिव्होल्टपासून काही वेळा एक व्होल्टपर्यंत सिग्नल देतो. आता शुअर कंपनीचा एसएम५८ माइक घ्या, १९६६ पासून बाजारात आहे आणि गायकाच्या हातात हमखास दिसणारा हाच. ९४ डेसिबलच्या आवाजाला तो साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो. ओठाला लावून ताकदीने गायलात आणि ११० डेसिबलपर्यंत गेलात तरी बारा मिलिव्होल्टच्या आसपास. म्हणजे गिटारपेक्षा दहापट तरी कमी, हळू गायलात तर शंभरपट सुद्धा. पेडलचं आतलं सर्किट गिटारच्या हिशोबाने बनवलेलं असतं, त्याला हे म्हणजे कोणीतरी शेजारच्या खोलीतून कुजबुजल्यासारखं. ओव्हरड्राइव्ह आणि फझ (आवाज खरखरीत करणारी), कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा) ही पेडलं तर सिग्नल किती मोठा येतोय यावरच चालतात, त्यामुळे ड्राइव्हला धड खरखर येत नाही आणि कॉम्प्रेसर नुसता दिवा लावून बसतो. डिले (इको) आणि रिव्हर्ब (आवाज घुमवणारा) त्यातल्या त्यात बरे, ते कमी सिग्नलवरही काम करतात, फक्त नॉइज जास्त.

दुसरी भानगड म्हणजे बॅलन्स्ड-अनबॅलन्स्ड. माइकची एक्सएलआर केबल तीन तारांची, पिन १ ग्राउंड, २ हॉट, ३ कोल्ड, आणि वाटेत शिरलेला हम दोन्ही तारांवर सारखाच येत असल्याने शेवटी कापला जातो. पेडलचा जॅक दोन तारांचा, तिथे ही सोय नाही. बारा मिलिव्होल्टच्या सिग्नलवर थोडासा हम बसला तरी तो मोठाच वाटतो.

सगळे म्हणतात इम्पीडन्स मॅच करा. ते काय प्रकरण आहे?

अर्धं खरं आहे. इम्पीडन्स म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, तो ओहममधे मोजतात. माइकचा इम्पीडन्स १५० ते ३०० ओहम, पेडलच्या इनपुटचा पाच लाख ते दहा लाख ओहम. आता कमी इम्पीडन्सचा सोर्स जास्त इम्पीडन्सच्या इनपुटला लावणं यात काहीच वावगं नाही, सगळी ऑडिओची दुनिया हल्ली तशीच चालते, इनपुट सोर्सच्या निदान दहापट असलं की झालं. त्रास उलट्या बाजूने होतो, म्हणजे गिटार थेट मिक्सरच्या माइक इनपुटला लावली, जिथे इम्पीडन्स दोन-तीन हजार ओहमच असतो, तर गिटारचा वरचा सगळा चमचमीतपणा गायब होतो.

म्हणजे माइक आणि पेडलच्या मधे लावायचा छोटा ट्रान्सफॉर्मर विकला जातो इम्पीडन्सच्या नावाखाली, पण माइकच्या बाबतीत त्याचा खरा फायदा व्होल्टेज वाढण्यात आहे. २०० ओहमवरून ५० हजार ओहम म्हणजे इम्पीडन्स २५० पट, व्होल्टेज त्याच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणजे जवळजवळ सोळापट, २४ डेसिबल, तेही बॅटरीशिवाय. मघाचे बारा मिलिव्होल्ट आता १९० होतात, म्हणजे आलात की गिटारच्या रांगेत.

ते ट्रान्सफॉर्मरवालं अडॅप्टर कसं ओळखायचं? माझ्याकडे एक्सएलआर टू जॅक आहे, तेच का?

बहुतेक नसेल. साधं अडॅप्टर आणि ट्रान्सफॉर्मरवालं अडॅप्टर बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात, एका टोकाला एक्सएलआर, दुसऱ्या टोकाला ६.३ मिलिमीटरचा जॅक, आणि मधे नळकांडं. ट्रान्सफॉर्मरवालं हाताला जड लागतं आणि नळकांडं जरा लांब असतं. पॅकेटवर लो झी टू हाय झी (झी म्हणजे इम्पीडन्स) किंवा ट्रान्सफॉर्मर असं स्पष्ट लिहिलेलं असतं, लिहिलेलं नसेल तर साधंच समजा.

मल्टीमीटर असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. कंटिन्युइटीवर ठेवा, एक प्रोब पिन २ ला आणि दुसरा जॅकच्या टोकाला. बीप वाजला तर आत नुसती तार आहे. बीप नाही, पण पिन २ आणि ३ मधे थोडेसे ओहम दिसतायत आणि जॅकच्या टोक आणि दांड्याच्या मधे त्याहून बरेच जास्त, म्हणजे आत दोन कॉइल आहेत, हाच तो.

आणि हे अडॅप्टर पेडलच्या बाजूला लावायचं, माइकच्या बाजूला नाही. यात खूप जण चुकतात. माइकपासून पेडलपर्यंत लांब एक्सएलआर केबल आणा आणि अगदी शेवटी अडॅप्टर. ट्रान्सफॉर्मरच्या पुढची वायर हाय इम्पीडन्सची असते, ती पाच-सहा मीटरच्या पुढे गेली की ट्रेबल जातो आणि हम येतो.

पॅसिव्ह डीआय बॉक्स उलटा लावला तर तेच काम होतं असं ऐकलंय, खरं का?

खरं आहे, आणि मला हा जुगाड आवडतो. डीआय म्हणजे गिटारसारखा अनबॅलन्स्ड सिग्नल बॅलन्स्ड करून मिक्सरच्या माइक इनपुटला देणारा डबा. पॅसिव्ह डीआयच्या आत ट्रान्सफॉर्मरच असतो, साधारण बारास एकचा, आणि ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. माइक त्याच्या एक्सएलआर आउटपुटला लावायचा आणि इनपुटच्या जॅकमधून पेडलला न्यायचं. अडचण एकच, डीआयचा एक्सएलआर मेल आणि माइकच्या केबलचं टोकही मेल, त्यामुळे मधे फीमेल टू फीमेल जोडणी लागते. डीआयवर पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) असेल तर बंद ठेवा. अॅक्टिव्ह डीआय म्हणजे बॅटरी किंवा फँटमवर (मिक्सरकडून माइकच्या केबलमधून येणाऱ्या ४८ व्होल्टवर) चालणारा असेल तर हे होत नाही, त्यात सिग्नल एकाच दिशेने जातो.

मग सगळ्यात बरी पद्धत कुठली?

पैसे असतील तर माइक प्रीअॅम्प, मग पेडल, मग डीआय, मग मिक्सर. प्रीअॅम्प माइकला लाइन लेव्हलपर्यंत, म्हणजे मिक्सरसारख्या उपकरणांमधे चालणाऱ्या मोठ्या सिग्नलपर्यंत नेतो, तुम्ही त्याचं आउटपुट खाली आणून पेडलला सोसेल एवढंच देता, पेडल आपलं काम करतं आणि डीआय परत बॅलन्स्ड करून साउंडवाल्याकडे पाठवतो. साउंडवाल्याला वाटतं नेहमीचाच माइक आलाय, तोही खूश.

हे सगळं एका डब्यात हवं असेल तर रेडियलचा व्होको लोको आणि इव्हेंटाइडचा मिक्सिंगलिंक हे दोन डबे नेमके याच कामाचे आहेत. माइक आत घ्या, पेडलचा लूप मधे लावा, आणि पुढे बॅलन्स्ड बाहेर. कोरा आवाज आणि इफेक्टचा आवाज यांचं प्रमाण डब्यावरच ठरवता येतं, आणि गाणाऱ्यासाठी ती सोय फार मोलाची आहे, कारण गिटारच्या पेडलमधून सगळा आवाज आरपार गेला की शब्द कळेनासे होतात.

माझा कंडेन्सर माइक आहे, पेडलला लावला तर काहीच येत नाही.

येणारच नाही. कंडेन्सरला फँटम पॉवर लागते, ४८ व्होल्ट, आणि गिटारचं पेडल ती देत नाही. आधी फँटम देणारा प्रीअॅम्प किंवा मिक्सर, मग पेडल. आणि एक सांगू का, पेडलबरोबर वापरायला कंडेन्सर हा तसाही डोकेदुखीच. तो ड्रमही ऐकतो, पंखाही ऐकतो, आणि पुढे ड्राइव्ह लावला की पंख्याला सुद्धा ड्राइव्ह लागतो. एसएम५८ सारखा, फँटम न लागणारा डायनॅमिकच घ्या.

पेडलचं आउटपुट मिक्सरच्या माइक इनपुटला लावलंय आणि फँटम चालू राहिलं. काय होईल?

हा प्रश्न गंभीर आहे, इथे नीट लक्ष द्या. जॅक टू एक्सएलआर वायरने पेडल थेट माइक इनपुटला जोडलं असेल तर ते ४८ व्होल्ट पिन २ मधून उलटे पेडलच्या आउटपुटला येतात. पेडल चालतं ९ व्होल्टवर. त्याच्या आउटपुटला एक कपॅसिटर असतो जो डीसी अडवतो, पण तो बऱ्याच पेडलांत १६ किंवा २५ व्होल्टचाच असतो. लगेच धूर निघेल असं नाही, कारण मिक्सरच्या आत फँटमच्या वाटेवर ६.८ किलोओहमचे रेझिस्टर असतात आणि करंट सात मिलिअँपच्या पुढे जात नाही. पण कपॅसिटर हळूहळू मरतो आणि महिन्याभराने तुम्ही म्हणता पेडल अचानक खरखर का करायला लागलं.

उपाय सोपा. मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय टाका, फँटम तिथेच थांबतं. किंवा मिक्सरच्या ६.३ मिलिमीटरच्या लाइन इनपुटला लावा, कॉम्बो सॉकेटमधेही (एक्सएलआर आणि जॅक दोन्ही बसणारं) फँटम बाहेरच्या तीन पिनांनाच मिळतं, मधल्या जॅकला सहसा नसतं. छोट्या मिक्सरवर सगळ्या चॅनेलला मिळून फँटमचं एकच बटण असतं, म्हणून दुसऱ्या कोणाच्या कंडेन्सरसाठी साउंडवाला ते दाबणार आणि मार तुमच्या पेडलला बसणार, हे गृहीत धरूनच चाला.

प्रीअॅम्प वगैरे नाहीये, पण छोटा मिक्सर आहे. त्यातून पेडल लावता येईल?

येईल, आणि नुसता इको हवा असेल तर मी हीच पद्धत सांगेन, कारण कोरा आवाज मिक्सरमधेच राहतो आणि पेडलकडे फक्त त्याची एक कॉपी जाते. पेडल मधेच बंद पडलं तरी गाणं चालू राहतं.

माइक नेहमीसारखा चॅनेल १ ला. ऑक्स सेंडच्या, म्हणजे ती कॉपी बाहेर काढणाऱ्या जॅकमधून साधी गिटारची केबल पेडलच्या इनपुटला. पेडलचं आउटपुट परत मिक्सरच्या एखाद्या रिकाम्या चॅनेलच्या लाइन इनपुटला, समजा चॅनेल ५. आता चॅनेल १ चा ऑक्सचा नॉब हळूहळू उघडा आणि चॅनेल ५ चा फेडर वर घ्या, इको ऐकू येईल. पण चॅनेल ५ चा ऑक्स नॉब पूर्ण शून्यावर हवा म्हणजे हवाच, नाहीतर पेडलचा आवाज परत पेडलमधे, तिथून परत मिक्सरमधे, आणि तीन सेकंदांत सगळे कानावर हात ठेवून उभे.

लेव्हलचं इथे उलटं होतं. ऑक्समधून लाइन लेव्हल निघते, म्हणजे एक व्होल्टच्या वर सहज, आणि जुन्या अॅनालॉग पेडलांचा आवाज त्याने फाटतो. म्हणून ऑक्स मास्टर आधी खाली, घड्याळातल्या नऊच्या काट्याएवढा, पेडलमधून स्वच्छ येतंय बघायचं, आणि कमी पडलं तर परतीच्या चॅनेलवर गेन द्यायचा.

पेडलवर मिक्स नॉब असेल तर तो पूर्ण वेट (म्हणजे नुसता इफेक्ट, कोरा आवाज नाही) करा, किल ड्राय असं काही असेल तर ते चालू करा. नाही केलंत तर कोरा आवाज दोनदा येतो, एकदा सरळ आणि एकदा पेडल फिरून, आणि डिजिटल पेडल असेल तर तो दुसरा दोन-तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकायला आवाज पोकळ होतो, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. कारण न कळून लोक ईक्यू फिरवत बसतात.

ऑक्सला प्री-पोस्टचं बटण असेल तर इकोसाठी पोस्ट फेडर ठेवा, म्हणजे गायकाचा फेडर खाली केला की इकोही खाली जातो.

आणि इन्सर्टमधून?

तेही चालतं. इन्सर्ट म्हणजे चॅनेलचा आवाज मधेच बाहेर काढून परत आत घेणारा जॅक. वाय केबल लागते, बहुतेक मिक्सरवर टिप म्हणजे सेंड आणि रिंग म्हणजे रिटर्न. सगळा आवाज पेडलमधून जातो, त्यामुळे कॉम्प्रेसर किंवा ड्राइव्हसाठी इन्सर्ट, इको-रिव्हर्बसाठी ऑक्स.

पेडल चालू केलं की शिट्टी वाजते! काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. शिट्टी कशी होते ते आधी बघा. स्पीकरचा आवाज माइकमधे, माइकचा परत स्पीकरमधे, या फेरीत एखादी फ्रिक्वेन्सी प्रत्येक फेरीला थोडी मोठी होत गेली की ती शिट्टी. पेडल नसताना तुम्ही त्या कड्याच्या अलीकडे असता. कॉम्प्रेसर लावून ६ डेसिबल मेकअप गेन दिलात, म्हणजे दबलेला आवाज परत वाढवलात, की शिट्टीच्या तेवढेच ६ डेसिबल जवळ गेलात. ड्राइव्ह पेडल तर तीस-चाळीस डेसिबल गेन सहज देतं, आणि तुम्ही गात नसाल तेव्हाही देतं, म्हणून दोन ओळींच्या मधल्या शांततेतच शिट्टी सुरू होते. रिव्हर्बचं वेगळंच, तो गेन फार वाढवत नाही पण आवाज लांबवतो, त्यामुळे एखादा सूर माइकसमोर रेंगाळत राहतो आणि पेट घेतो.

आता इलाज. पहिला, पेडल चालू करून लेव्हल लावा, बंद करून नाही. दोन्ही स्थितीत आवाज कानाला सारखाच मोठा लागला पाहिजे, पेडलचा लेव्हल नॉब त्यासाठीच आहे, उगाच तीन वाजेपर्यंत फिरवू नका. दुसरा, मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, कुठे ठेवलाय बघा. एसएम५८ सारख्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या) माइकची बहिरी बाजू बरोब्बर मागे असते, म्हणजे मॉनिटर तुमच्या समोर मधोमध. बीटा ५८ए सारख्या सुपरकार्डिऑइडची बहिरी जागा मागे नसून साधारण १२६ अंशांवर असते, त्याला मॉनिटर थोडा तिरका, डाव्या-उजव्या बाजूला लागतो. एसएम५८ वरून बीटा ५८ए वर आलेले लोक मॉनिटर जागच्या जागी ठेवतात आणि माइकला शिव्या देतात. तिसरा, माइकची जाळी मुठीत धरून गायची स्टाइल सोडा. जाळी झाकली की माइकचं मागचं तोंड बंद होतं आणि तो सगळीकडून ऐकायला लागतो. चौथा, मॉनिटरमधे पेडलचा आवाज कमीत कमी द्या. आणि हे सगळं करून भागत नसेल तर इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) घ्या, ड्राइव्हवर गाणाऱ्याला दुसरा खरा उपाय नाही.

ड्राइव्हच्या आधी नॉइज गेट (आवाज बारीक झाला की तो बंद करणारं पेडल) टाकला तर मधल्या शांततेचा प्रश्न बराच सुटतो. आधी म्हणजे आधीच, नंतर टाकलात तर गेटला खरखर आणि गाणं यात फरक कळत नाही.

आवाजावर कुठली पेडलं चांगली वाटतात?

डिले नंबर एक. ८० ते १२० मिलिसेकंदांचा एकच रिपीट ठेवलात की जुन्या रॉक अँड रोलचा तो स्लॅपबॅक मिळतो आणि आवाज भरीव होतो, लोकांना इको लावलाय हे कळतही नाही. तालात हवा असेल तर ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला किती ठोके), म्हणजे १२० च्या लयीला ५०० मिलिसेकंद. अॅनालॉग डिले आवाजाला छान बसतो, कारण त्याच्या बकेट ब्रिगेड चिपच्या आजूबाजूला असलेले फिल्टर वरच्या फ्रिक्वेन्सी कापतात, मग रिपीट मागे मागे राहतात आणि पुढच्या ओळीच्या शब्दांवर चढत नाहीत.

ओव्हरड्राइव्ह लावायचा तर कमी गेनवर. ट्यूब स्क्रीमर जातीची पेडलं खालचा भाग कापतात आणि ७०० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग फुगवतात, त्यामुळे आवाज आपोआप जुन्या टेलिफोनसारखा, भोंग्यासारखा होतो, आणि बऱ्याचदा लोकांना तेच हवं असतं. पण 'स', 'श', 'च' या अक्षरांकडे लक्ष ठेवा. साध्या माइकवर जो 'स' नुसता सळसळतो तो ड्राइव्हवर काचेवर नख ओढल्यासारखा येतो, टोन नॉब खाली आणावाच लागतो. आणि 'फ', 'भ', 'ध' म्हणताना हवेचा जो धक्का माइकवर बसतो त्याने कॉम्प्रेसर दचकतो, सगळा आवाज क्षणभर खाली जातो आणि परत वर येतो. मिक्सरवर ८० किंवा १०० हर्ट्झचा लो कट (त्याखालचा आवाज कापणारं बटण) असेल तर दाबून टाका, माइक किंचित तिरका धरा.

कोरस थोडा, अगदी थोडा. साधं ऑक्टेव्ह पेडल एका वेळी एकच सूर ओळखतं, गाणं एकच सूर असल्याने खरं तर जमायला हवं, पण मींड, गमक, किंवा नुसता श्वास आला की ते भरकटतं, आणि कधी कधी ते भरकटणंच मस्त वाटतं. वाह पेडल मजेशीर पण दोन मिनिटांत कंटाळा येतो. फझ फेससारखं जुन्या पद्धतीचं फझ गिटारच्या पिकअपला थेट जोडलं जाईल या भरवशावर बनलेलं असतं, माइकच्या मागे ते हट्टीपणा करतं, पिरपिरतं. तुम्हाला नेमकं तसंच हवं असेल तर तुमचा प्रश्न सुटला.

पेडलांचा क्रम काय ठेवायचा?

हार्मोनी किंवा पिच करेक्शन सगळ्यात आधी, त्याला कोरा सूर लागतो. मग गेट, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब. रिव्हर्बनंतर ड्राइव्ह लावलात तर चिखल होतो, कुठल्यातरी आवाजी संगीतात तो चिखलच हवा असतो ही गोष्ट वेगळी.

गायकांसाठी वेगळी पेडलं मिळतात, मग गिटारची कशाला वापरायची?

बरोबर आहे. बॉसची व्हीई सिरीज, टीसी हेलिकॉनची पेडलं यांना एक्सएलआर इनपुट, आत प्रीअॅम्प आणि बहुतेकांना फँटम असतं, वरचे अर्धे प्रश्न तिथे उद्भवतच नाहीत. दर कार्यक्रमात इफेक्ट वापरणार असाल तर सरळ तेच घ्या. गिटारची पेडलं दोन कारणांसाठी, एक म्हणजे घरात आधीच पडलेली आहेत, आणि दुसरं म्हणजे गायकांची पेडलं जरा सभ्य असतात, वाईट वागणारा आवाज हवा असेल तर गिटारवाल्यांकडेच जावं लागतं.

गिटार आणि माइक दोन्ही एकाच पेडलमधून काढता येतील का? वाय केबल आहे.

वाय केबलने दोन आउटपुट एकत्र बांधू नका. माइकचा इम्पीडन्स इतका कमी आहे की गिटारचा सिग्नल त्याच्यातच मुरतो, गिटार एकदम मेल्यासारखी होते. एकत्र करायला छोटा मिक्सर लागतो, मग ऑक्समधून दोघांना एकच रिव्हर्ब द्या, चांगला लागतो. ड्राइव्ह मात्र दोघांना एकत्र देऊ नका. दोन वेगळे आवाज एकाच ड्राइव्हमधून गेले की एकमेकांत गुंतून तिसरेच बेसूर सूर तयार होतात.

माइक, पेडल आणि पुढे गिटार अॅम्प, असं केलं तर?

चालतं, पण गिटार अॅम्पच्या स्पीकरला ट्विटर नसतो, पाच हजार हर्ट्झच्या वर तो झपाट्याने खाली येतो, त्यामुळे शब्द दबतात. ओरडून गाण्याला, आणि विशेष करून हार्मोनिकाला हा साज भारी दिसतो. शिकागो ब्लूजवाले हार्मोनिकावादक माइक मुठीत धरून थेट व्हॉल्व्हच्या अॅम्पमधे वाजवायचे, लिटल वॉल्टर त्यातला सगळ्यात मोठा माणूस. शुअरचा ग्रीन बुलेट ५२०डीएक्स हा माइक याच कामाचा, हाय इम्पीडन्स, ६.३ मिलिमीटरचा जॅक आणि अंगावरच व्हॉल्यूमचा नॉब, पेडलला थेट लावा, अडॅप्टर नको.

वायरलेस माइक चालेल?

उलट सोपा पडतो. रिसीव्हरला बऱ्याचदा ६.३ मिलिमीटरचं अनबॅलन्स्ड आउटपुट असतं आणि लेव्हलचा नॉब सुद्धा. लेव्हल खाली ठेवून सुरुवात करा, पेडलमधे स्वच्छ येईपर्यंत वाढवा. ट्रान्सफॉर्मर नको.

यूएसबी माइक? कॉम्प्युटरचा छोटा माइक? कराओकेचा माइक?

यूएसबीमधून डिजिटल डेटा निघतो, पेडलला तो कळत नाही, विषय संपला. ३.५ मिलिमीटरचा छोटा माइक इलेक्ट्रेट असतो, त्याला कॉम्प्युटरकडून दोन-तीन व्होल्ट लागतात, पेडल ते देत नाही. कराओकेचा जॅकवाला माइक साधारणपणे डायनॅमिक असतो, जॅक पेडलला बसतो, आवाज येतो, पण वरचंच लेव्हलचं रडगाणं परत.

घुंऽऽ असा हम येतोय.

आधी पेडलला बॅटरी लावून बघा. हम गेला तर दोष अडॅप्टरचा, विशेषतः एकाच अडॅप्टरवरून डेझी चेनने (एकाच वायरला ओळीने जोडून) चार पेडलं चालवली असतील आणि त्यात एखादं डिजिटल असेल तर. आयसोलेटेड पॉवर सप्लाय हा त्यावरचा कायमचा इलाज. बॅटरीवरही हम असेल तर ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या दोन वाटांमुळे झालेला फेरा, डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. तरीही असेल तर केबल बदला, केबलवर संशय घ्यायला लोक का लाजतात कळत नाही.

माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात, पेडलमुळे का?

वाजवणं थांबवा, आत्ता. हे पेडलचं काम नाही, ९ व्होल्टने ओठाला असा झटका बसत नाही. गिटार अॅम्प आणि मिक्सर यांच्यापैकी एकाचं अर्थिंग गेलंय, गिटारच्या तारांना हात आणि माइकला ओठ लागला की तुम्ही त्या दोघांमधली तार होता. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्टेजवर असाच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. हम घालवायला प्लगची अर्थची पिन काढणारे महाभाग अजूनही आहेत, त्यांच्या स्टेजवर चढू नका. सगळं सामान एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून घ्या, आणि झिणझिण्या आल्या तर इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत माइकला हात लावायचा नाही.

घरी रेकॉर्ड करताना पेडल आधी लावू की नंतर?

नंतर. आवाज कोरा रेकॉर्ड करा, मग इंटरफेसच्या एखाद्या जादा लाइन आउटपुटमधून रीअॅम्प बॉक्सने (लाइन लेव्हल पेडलला चालेल अशी करणारा डबा), किंवा वर सांगितलेल्या उलट्या डीआयमधून, पेडलला पाठवा आणि परत इनपुटला घ्या. हेडफोन त्यावेळी दुसऱ्या आउटपुटवर ठेवा आणि परतीच्या ट्रॅकचं मॉनिटरिंग त्याच आउटपुटला जात नाही ना बघा, तोच मिक्सरवाला गोल फेरा इथेही होतो. परत आलेला ट्रॅक काही मिलिसेकंद उशिरा येतो, तो ओढून कोऱ्या ट्रॅकवर बसवा. पेडलचा नॉब गाणं चालू असताना हाताने फिरवायची मजा मात्र याच पद्धतीत आहे, दोन-चार टेक घ्या आणि आवडेल तो ठेवा.

लूपर पेडलला माइक लावता येतो का?

लूपर म्हणजे गायलेलं रेकॉर्ड करून त्याच्यावर थर चढवत परत परत वाजवणारं पेडल. नुसता ६.३ मिलिमीटरचा जॅक असलेला लूपर असेल तर वरचेच सगळे नियम, ट्रान्सफॉर्मर किंवा प्रीअॅम्प लावा. बीटबॉक्सवाले बॉसचा आरसी-५०५ वापरतात त्याला एक्सएलआर इनपुट आणि फँटम दोन्ही आहे. एक लक्षात असू द्या, मॉनिटरचा आवाज माइकमधे शिरत असेल तर प्रत्येक लेयरबरोबर आधीचे सगळे लेयर परत रेकॉर्ड होतात आणि चौथ्या-पाचव्या लेयरला नुसता गोंगाट उरतो. हेडफोन लावून लूप करा.